बोनेटपाशी दहा मिनिटं

४ मार्च, मंगळवार

ऑइल कंपनीची डायरी दरवर्षी येते आणि दरवर्षी मी तिच्यात आठ दिवस लिहून सोडून देते. यंदा मार्चपर्यंत टिकले ते शिस्तीमुळे नव्हे, रागामुळे. ह्यांच्याशी काही बोलायला जावं तर हे नुसती मान हलवतात. पंचवीस वर्षांपूर्वी या मान हलवण्याला मी समजूतदारपणा समजून लग्न केलं. आता वहीशी बोलते. वही निदान मान हलवत नाही.

गॅरेजात कामाची वाटणी सरळ आहे. हात ह्यांचे, डोळे माझे. हे इंजिनाला कान लावून रोग सांगतात, म्हणून गावभर 'कानवाले' म्हणून प्रसिद्ध. मी स्कॅनर लावते. स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिच्यात वायर खुपसली की गाडीचा कॉम्प्युटर तक्रार सांगतो: एक अक्षर, चार आकडे. त्याला कोड म्हणायचं. गिऱ्हाइकांना वाटतं कोड म्हणजे रोगाचं नाव. कसलं आलंय! कोड म्हणजे शेजारणीचं म्हणणं. 'त्या खोलीतून आवाज आला बाई,' एवढंच. कुणाचा, कशाने, ही चौकशी आपण करायची.

पण चौकशी हवी कुणाला? गिऱ्हाइकाला दिवा विझायला हवा असतो. स्कॅनरवर 'पुसा' असं एक बटण आहे. ते दाबलं की कोड जातो, दिवा विझतो आणि मी हुशार ठरते.

आज ट्रस्टची अँब्युलन्स आली. तिच्या ड्रायव्हरला सगळे पायलट म्हणतात. त्याचं खरं नाव बहुधा त्याच्या बायकोलाही विचार करून आठवावं लागत असेल. उतरायच्या आधीच बोलायला लागला, "वहिनी, पिवळा दिवा लागलाय. दोन मिनिटांत बघा, कॉल आहे."

तीन कोड निघाले. क्रँकचा सेन्सर, पेडलचा सेन्सर आणि डिझेलच्या दाबाचा. एकमेकांशी ओळखपाळख नसलेले तिघं एकाच वेळी आजारी. जरा विचित्र वाटलं. प्रत्येक कोडच्या पोटात त्या क्षणाची नोंद असते: वेग काय होता, व्होल्टेज काय होतं. ती बघायला एक बटण जास्त दाबावं लागतं. मी 'पुसा' दाबलं.

"तुमचा हात लागला की विझतोच," पायलट म्हणाला. जाता जाता वाकून ह्यांना काहीतरी सांगत होता. हे दुसऱ्या गाडीखाली, बाहेर फक्त पाय. नंतर मान बाहेर आली आणि हलली. चला, म्हणजे अबोला फक्त माझ्याशीच नाही.

७ मार्च, शुक्रवार

दुपारी दोन चाळीसला पायलटचा फोन. अँब्युलन्स उड्डाणपुलाच्या चढावर बंद पडली होती. मागे पेशंट, अर्धांगाचा झटका. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. सोबत सिस्टर.

"वहिनी, स्टार्टर फिरतोय, इंजिन घेत नाही."

"दिवे?"

"सगळे. डॅशबोर्ड नुसता पेटलाय. दुसरी गाडी मागवली, ती चाळीस मिनिटं म्हणते."

"घाबरू नकोस. बॅटरीची काळी वायर काढ. दहा मिनिटं तशीच राहू दे, मग लाव. कॉम्प्युटर सगळं विसरतो आणि गुमान उठतो."

"दहा? पाच नाही चालणार? मागे—"

"दहा म्हणजे दहा. अर्धवट विसरला तर पुन्हा बसेल. घड्याळ लावून उभा राहा."

हे मी एका हाताने चहा ढवळत सांगितलं. दहा मिनिटांनी गाडी चालू झाली. मी ह्यांना जाऊन सांगितलं, "फोनवरून इंजिन चालू केलं मी! आहे का कुणाची टाप?" ह्यांनी मान हलवली. मला एवढा राग आला की उरलेला चहा ओतून दिला.

संध्याकाळी कळलं. बाई वाचल्या. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ज्यांनी चाळीस वर्षं मुलांना मोठ्याने वाचायला शिकवलं, त्यांची. डॉक्टर घरच्यांना म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. पुलावर एकूण बावीस मिनिटं गेली.

बावीस. माझी दहा.

नाही. गाडी बंद पडली होती, ती मी पाडली नाही. मी चालू केली.

८ मार्च, शनिवार

सकाळीच ट्रस्टचे सचिव आले, मागून ओढत आणलेली अँब्युलन्स. सचिव म्हणजे पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि चेहऱ्यावर कायम श्रद्धांजली. गाडीच्या अंगावर दात्याचं नाव एवढं मोठं रंगवलंय की अँब्युलन्सचा फोन नंबर चिमणीएवढ्या अक्षरात मागच्या दारावर गेला. जानेवारीत लोकार्पण झालं तेव्हा नवा निळा रंग चढवला होता. कुणाचा जीव वाचला तर आभार कुणाचे मानायचे ते लांबूनच कळतं.

स्कॅनर लावला. एकही कोड नाही. असणार कसा? बॅटरी काढल्यावर सगळं पुसलं जातं. हे मला माहीत. सचिवांना माहीत नाही.

"म्हणजे गाडी ठणठणीत," सचिव म्हणाले.

"कोड काही दिसत नाही," मी म्हणाले.

"सिस्टरने लेखी दिलंय. म्हणते, हा माणूस बोनेटपाशी दहा मिनिटं नुसता उभा होता. आधी फोनवर गप्पा, मग घड्याळ बघत उभा. आत बाई तडफडतायत आणि हा घड्याळ बघतोय!"

मी स्कॅनरची वायर गुंडाळायला घेतली. "फोन कुणाला केला ते विचारलंत?"

"विचारलं. गप्प बसला. असेल कुणीतरी, आपल्याला काय करायचंय? तुम्ही फक्त लिहून द्या, दोष आढळला नाही. बावीस तारखेला कमिटी आहे. तोपर्यंत तो घरी बसेल, नंतर कायमचा."

मी लिहून दिलं. 'दि. ८ रोजी तपासणी केली असता वाहनात कोणताही दोष आढळला नाही.' यात खोटं एक अक्षर नाही. म्हणूनच इतकं घाण वाटतंय.

११ मार्च, मंगळवार

पायलट आला. साध्या कपड्यात एकदम लहान दिसला. मी पुढ्यात चहा ठेवला, त्याने हात लावला नाही.

"फोनचं का नाही सांगितलंस?" मी विचारलं. आवाज शक्य तितका मोठेपणाचा काढला.

"काय सांगू? पेशंट आत असताना बॅटरीला हात लावायचा नाही, असा नियम आहे आमचा. ते सांगितलं तर आजच काढतील. नाही सांगितलं तर बावीसला."

"मला नियम माहीत नव्हता रे."

"मला माहीत होता," तो म्हणाला. "पण तुम्ही सांगितलंत ना, वहिनी. म्हणून केलं."

याच्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना मला उत्तर देता येतं.

मग म्हणाला, "मी उस्तादांना गेल्या मंगळवारीच सांगितलं होतं, सायरन लावून चढ चढताना गाडी झटका देते. ते हो म्हणाले."

ह्यांना बोलावलं. दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला तेव्हा आले. काम करताना हल्ली हे असेच, जगाशी संबंध तोडून. मी विचारलं, "ह्याने गेल्या मंगळवारी तुम्हाला काही सांगितलं होतं का?"

"नाही," हे म्हणाले. "मला कुणी काही सांगितलं नाही."

पायलट ह्यांच्याकडे बघत राहिला. मग हसला, वाईट हसला. "बरं. तुम्ही दोघं नवरा-बायको आहात." आणि गेला.

ह्यांनी पंचवीस वर्षांत माझ्याशी खोटं बोललेलं मला आठवत नाही. बोलतातच इतकं कमी की खोट्याला जागा उरत नाही. म्हणजे पायलट खोटं बोलला. एकदा खोटं बोलणारा माणूस पुलावरही काहीबाही करत नसेल कशावरून? मी दहा सांगितली, त्याने पंधरा लावली असतील.

वरचं वाक्य लिहून झाल्यावर वाचलं. खोडत नाही. मी कशी आहे ते मला माहीत असावं.

१३ मार्च, गुरुवार

अँब्युलन्स अंगणात उभी आहे. येता-जाता तिला वळसा घालून जावं लागतं. तीनही सेन्सर काढून तपासले, निरोगी. वायरिंग हाताने चाचपलं, निरोगी. मी स्वतः पुलावर दोनदा चढवून आणली, शहाण्या मुलीसारखी चढली.

ह्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवून मूठ दातांत धरली. पूर्वी कानाला लावायचे, आता दातांत धरतात. काय ऐकू येतं त्यातून, देव जाणे. मी म्हटलं, "चावायलाच हवंय तर बिस्कीट देते." ह्यांनी मान वरही केली नाही. टीव्ही मात्र हल्ली इतका मोठा लावतात की शेजारचे शिंपीकाका भिंतीपलीकडून बातम्यांवर मत देतात.

१६ मार्च, रविवार

सापडला.

नीट लिहिते, कारण कुठेतरी हे नीट लिहिलेलं असायला हवं.

सकाळी एकच वाक्य डोक्यात भुणभुणत होतं: सायरन लावून चढ चढताना. पायलट खोटं बोलत असेल, असू दे. पण खोटं बोलणारा माणूस इतकं नेमकं कशाला बोलेल? आणि मग लक्षात आलं. आम्ही आठवडाभर अँब्युलन्स तपासत होतो ती टॅक्सीसारखी. सायरन बंद, वरचा दिवा बंद, मागचा एसी बंद, पंप बंद. भरवस्तीत सायरन कोण लावणार? आमच्या धंद्यातला हा शिरस्ताच आहे. आवाज नको म्हणून आधी सगळं बंद करायचं आणि मग ऐकायला बसायचं.

सगळं चालू केलं. सायरन, दिवे, एसी, पेशंटच्या घशातलं ओढून काढायचा पंप. गल्ली दणाणली. शिंपीकाका गळ्यात टेप घालून धावत आले.

"कोण गेलं?"

"अजून कुणी नाही, काका. तुम्ही कात्री सांभाळा."

"मग एवढं बोंबलायला काय झालं?"

"तपासणी!"

कानात बोटं घालून काका परत गेले. ह्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. दोन हातांवर सायरन केकाटतोय आणि हे बोनेटमध्ये वाकून शांतपणे वायरी चाचपतायत. मला क्षणभर त्यांचा हेवा वाटला.

स्क्रीनवरचे आकडे डुलायला लागले. मी इंजिन रेटलं. चौथ्या मिनिटाला गचका बसला, डॅशबोर्ड पेटला, इंजिन बंद. स्कॅनरवर तीन कोड. तेच तिघं.

या वेळी जास्तीचं बटण दाबलं. नोंद उघडली. व्होल्टेज बाराच्या वर हवं, ते नऊच्या खाली. तिघांच्याही पोटात तोच आकडा. तिघं वेगवेगळे आजारी नव्हतेच. तिघांनाही एकच कुणीतरी छळत होतं. हे चार तारखेला माझ्या हातात होतं. त्या दिवशी उघडलं असतं तर वाचायला दहा सेकंद लागली असती.

तेवढ्यात ह्यांनी हात झटकला. बोटं भाजली होती. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची पट्टी असते, अर्थिंगची. सायरन, एसी, पंप यांची वीज काम करून त्या पट्टीतून परत जाते. तिचं टोक तापलं होतं. मीटर लावला. इंजिन आणि बॉडीच्या मध्ये जवळपास शून्य हवं, तिथे तीन व्होल्टच्या वर. ह्यांनी बोल्ट खोलला. खाली लोखंड नव्हतं. खाली निळा रंग होता. नवा, गुळगुळीत, चकचकीत. बोल्टच्या एका कडेने खरवडलं गेलं होतं, तेवढ्या नखभर जागेतून आख्ख्या अँब्युलन्सची वीज ये-जा करत होती.

लोकार्पणाला पाहुणे बोनेट उघडून बघतील, म्हणून सचिवांनी आतूनही रंगवून घेतलं होतं. रंगवाल्यांनी पट्टी काढली, रंग मारला आणि पट्टी रंगावरच आवळून दिली. पाहुण्यांनी बोनेट उघडलंच नाही, फीत कापून गेले.

इथे थांबता आलं असतं. पण मी आणखी एक करून बघितलं. इंजिन बंद पडल्यावर बॅटरीला हात न लावता फक्त सायरन, एसी आणि पंपाची बटणं बंद केली आणि किल्ली फिरवली. लगेच चालू. पुन्हा बंद पाडली, पुन्हा तसंच केलं. चालू. तिसऱ्यांदाही. बॅटरीची वायर काढल्यावरही तेच झालं होतं: सायरन आणि पंप बंद पडले आणि वायर लावली तरी आपोआप चालू झाले नाहीत, एवढंच. कॉम्प्युटर विसरला म्हणून गाडी उठली नव्हती.

पुलावर लागली असती फक्त काही सेकंदं. दहा मिनिटं मी लावली.

चौथ्यांदा करून बघितलं नाही.

१७ मार्च, सोमवार

रंग खरवडून पांढरं लोखंड उघडं केलं, पट्टी नवी घातली, बोल्ट आवळला. मीटरवर शून्याला चिकटलेला आकडा. अर्धा तास सायरन, काही नाही. शिंपीकाकांनी निरोप पाठवला की मेलेला माणूस आता उठला असेल.

अहवाल लिहायला घेतला. पट्टी, रंग, व्होल्टेज, सगळं आलं. फोनचं मात्र लिहिलं नाही. दोषच सापडला म्हटल्यावर पायलट आपोआप सुटेल, मग फोन कशाला? हे मी ह्यांना समजावून सांगितलं, अर्धा तास, भांडी विसळता विसळता. शेवटी पाठमोरीच विचारलं, "मग फोनचं सांगू की नको?" उत्तर आलं नाही म्हणून वळून बघितलं. ह्यांनी मान हलवली.

सांगू की नको, या प्रश्नाला मान हलवणारा माणूस. यातून उत्तर काढणारा स्कॅनर अजून निघायचाय.

२० मार्च, गुरुवार

सचिवांचा फोन. अहवालाची प्रत मी आधी पाठवली होती, मूर्खासारखी.

"ताई, रंगाचं कशाला लिहिताय? दाते दुखावतील. त्यांच्या मनात आणखी दोन गाड्या द्यायचं आहे. त्यांची देखभालही तुमच्याकडेच येईल म्हणतो मी. 'किरकोळ दोष होता, दूर केला', बास."

"आणि पायलट?"

"त्याचा प्रश्न दोषाचा नाहीच आहे हो! दोष असेल नाही तर नसेल, माणूस दहा मिनिटं उभा का राहिला? ते तर तो सांगतच नाही. ड्रायव्हर काय, दुसरा मिळेल."

म्हणजे माझा अहवाल त्याला वाचवतच नाही. त्याला वाचवणारी एकच गोष्ट आहे आणि ती अहवालात नाही.

"बघते," मी म्हणाले. नाही म्हणायला हवं होतं. रंगाची ओळ ठेवली आहे. फोनची अजून लिहिली नाही.

२२ मार्च, शनिवार

लांब टेबल, झाकण घातलेले पाण्याचे पेले, पंख्याखाली फडफडणारे कागद. मधोमध अध्यक्षबाई, निवृत्त डॉक्टर. शेजारी सचिव. भिंतीला सिस्टर. दाराजवळच्या स्टुलावर पायलट, इस्त्रीचा शर्ट घालून. आमच्याकडे त्याने बघितलं नाही.

मी अहवाल वाचला. रंगाची ओळ आली तेव्हा सचिवांनी दोन्ही पेनं खिशातून काढून पुन्हा खिशात ठेवली.

"ठीक आहे, रंगाचं आपण बघू," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि पायलटकडे वळल्या. "गाडीत दोष होता हे मान्य. पण सिस्टर म्हणतात, तुम्ही दहा मिनिटं काहीच करत नव्हता."

"वाट बघत होतो."

"कशाची?"

पायलट गप्प. मी पेल्यावरच्या झाकणाकडे बघत होते. त्याच्यावर एक माशी होती. आता तो सांगेल, मला वाटलं. सांगून टाक रे बाबा, मग मला सांगावं लागणार नाही.

"हा माणूस खोटंही बोलतो," सचिव पुढे सरसावले. "म्हणतो, तीन दिवस आधी मेकॅनिकला तोंडी तक्रार केली होती. मेकॅनिक समोर बसलेत. काय हो, केली होती का?"

हे माझ्याकडे बघत होते. प्रश्न सचिवांनी विचारलेला आणि हे माझ्या तोंडाकडे बघतायत, शाळेत उत्तर न येणारा मुलगा बघतो तसे. मी चिडून हळूच पण स्पष्ट म्हणाले, "त्याने मंगळवारी तुम्हाला सांगितलं होतं का, असं विचारतायत."

हे उभे राहिले. ह्यांना उभं राहून बोलताना मी लग्नातसुद्धा पाहिलं नाही.

"सांगितलं असेल," हे म्हणाले, गरजेपेक्षा खूप मोठ्याने. "मला ऐकू येत नाही. डावा कान तीन वर्षांपूर्वी गेला, उजवा निम्मा उरलाय. समोरून बोललं तर ओठ बघून कळतं. मंगळवारी मी गाडीखाली होतो, ह्याचं तोंड दिसलं नाही. मी मान हलवली. मी सगळ्यांनाच मान हलवतो. नंतर हिने विचारलं तेव्हा नाही म्हणालो, कारण हो म्हणालो असतो तर हे सगळं सांगावं लागलं असतं. गावात मला कानवाले म्हणतात, साहेब. हा माणूस खोटं बोलत नाही."

आणि खाली बसले.

तीन वर्षं. चहा ढवळताना, भांडी विसळताना, पाठमोरी, गाडीच्या पलीकडून मी तीन वर्षं जे काही बोलले, ते सगळं कुठे गेलं? त्यावर मी रागवायची ते कुणावर?

सचिव म्हणत होते, "हे ठीक, पण मूळ प्रश्न दहा मिनिटांचा—"

"दहा मिनिटं माझी आहेत," मी म्हणाले. उभी कधी राहिले ते आठवत नाही. "फोन मला केला होता. दोन चाळीसला. बॅटरीची वायर काढून दहा मिनिटं थांब, घड्याळ लावून उभा राहा, असं मी सांगितलं. पाच चालतील का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हणाले. नियम त्याला माहीत होता, पण त्याने माझं ऐकलं. आणि तेवढं थांबायची गरजच नव्हती. सायरन आणि पंप बंद केले असते तर लगेच चालू झाली असती. मी नंतर करून बघितलं. त्याआधी मंगळवारी कोड आले होते, ते मी न वाचता पुसले. आणि आठ तारखेला 'दोष आढळला नाही' असं लिहून दिलं तेव्हा कोड का दिसत नाहीत, हे मला माहीत होतं."

पंख्याने एक कागद उडवला, तो कुणी उचलला नाही.

सिस्टर पायलटकडे बघून म्हणाली, "मी आतून तुला शिव्या घालत होते. बाईंचा हात हातात धरून. आणि तू घड्याळ बघत होतास."

"मी सेकंदकाटा बघत होतो," पायलट म्हणाला. तेवढंच.

पायलट सोमवारपासून कामावर. बॅटरीला हात लावला म्हणून लेखी ताकीद, ती त्याने तिथल्या तिथे सही करून घेतली. रंगाची वेगळी चौकशी, सचिव त्या चौकशीत नाहीत. ट्रस्टच्या गाड्या आमच्याकडे येणार नाहीत. ही शेवटची, ती आम्ही चालवून दाखवून परत द्यायची. बाईंच्या घरच्यांना अध्यक्षबाई सगळं लेखी कळवणार. कळवताना मीही यावं का, असं मी विचारलं. म्हणाल्या, "ते त्यांना ठरवू द्या."

२३ मार्च, रविवार

ह्यांच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

हे म्हणाले, "तू स्कॅनर आणलास तेव्हाच कान गेला. म्हटलं, आता माझा काय उपयोग, असं म्हणशील."

"म्हणाले असते?"

"म्हणाली असतीस."

विचार केला. म्हणाले असते. पंचवीस वर्षांतलं सर्वांत लांब संभाषण आणि त्यात मी हरले. दुपारी टीव्ही लावला, आवाज मीच वाढवला. शिंपीकाकांनी भिंतीवर टकटक केलं. मीही केलं.

२४ मार्च, सोमवार

गाडी पायलटने चालवली. मी शेजारी, मांडीवर स्कॅनर. गॅरेजपासून पुलापर्यंत त्याची नजर रस्त्यावरच. पुलाच्या चढावर, जिथे बंद पडली होती त्याच जागी, त्याने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि सगळं चालू केलं. सायरन, दिवे, एसी, पंप. इंजिन रेटत बसला. मी मागे वळून बघितलं नाही. मागे रिकामं स्ट्रेचर होतं.

एक मिनिट. चार. आठ. आकडे हलले नाहीत.

त्याने सायरन बंद केला. एकदम शांत झालं.

"काही नाही," मी म्हणाले. "एकही कोड नाही."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "नाहीच, की पुसलात?"

मी रागावले नाही. रागवायचा हक्क मी कधीच पुसून टाकला आहे. स्कॅनर त्याच्या हातात दिला. कोणतं बटण कशाचं ते सांगितलं: हे कोड दाखवतं, हे नोंद उघडतं, शेवटचं केव्हा काय पुसलं ते इथे दिसतं. त्याने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. एका ओळीवर अडला, मला विचारलं, मी सांगितलं, त्याने ती पुन्हा वाचली. मागे गाड्यांची रांग लागली होती, सगळे हॉर्न दाबत होते.

मी त्याला आटप म्हटलं नाही.